चोवीस खाटांची टकटक

३ फेब्रुवारी, सोमवार

आज कामावर रुजू झाले. इथल्या मुख्य नर्सबाई, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, त्यांनी ही वही हातात ठेवली. रोज काय केलं ते लिहायचं, शनिवारी त्या सही करणार. मी म्हटलं, बाई, मी चौथी नापास आहे. त्या म्हणाल्या, मग चौथीपर्यंतचं लिहा. उत्तर आवडलं. तोंडाला तोंड देणारी बाई बरी, गोड बोलणाऱ्यांचा मला कंटाळा येतो.

जागा झकास आहे. म्हाताऱ्या माणसांचं घर म्हणतात याला, पण घर कसलं, एक लांबच लांब दालन. बारा खाटा या भिंतीला, बारा त्या भिंतीला. खिडक्या मोठ्या, लादी इतकी गुळगुळीत की फडकं आपोआप पळतं. प्रत्येकाच्या मनगटावर राखाडी पट्टा आणि उशाशी हिरव्या दिव्याची डबी. पट्टा नाडी मोजतो, डबी ती मोठ्या बाईंच्या टेबलावर कळवते. म्हणजे माणसाजवळ बसायला नको. शोध लावणाऱ्याला हात जोडले.

सात नंबरच्या खाटेवर माझी अक्का आहे. खरं तर तिच्यासाठीच मी ही नोकरी धरली. आठ महिन्यांपूर्वी तिला झटका आला, उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. तिचा लेक लांबच्या गावी, सून त्याहून लांब मनाने. मला बघून तिने डोळे मिटले नि उघडले. एवढंच. पण मला कळलं. मला ठमी म्हणणारी जगात ती एकच आहे. दुसरं कोणी म्हणालं तर कानफटात खाईल.

संध्याकाळी पाय दुखले, पण मन लाडवासारखं गोल झालं आहे. पुरे. झोपते.

४ फेब्रुवारी, मंगळवार

इथल्या आधीच्या बाया चहा देताना एकेका खाटेशी उभ्या राहत. म्हातारा फुंकर मारून चहा संपवणार, मग कप उचलणार, मग पुढची खाट. चोविसाव्या खाटेला चहा पोचायचा तेव्हा त्याचं सरबत झालेलं. मला असला वेळकाढूपणा झेपत नाही. मी आधी सगळीकडे कप ठेवत गेले, भरवायचं त्यांना शेवटी बसून भरवलं आणि मग ज्याचा संपला त्याचा उष्टा कप उचलत आले. पाऊण तासाचं काम वीस मिनिटांत.

तीन नंबरवर एक मास्तर आहेत. स्वतःच्या मुलीचं नाव विसरलेत, पण पाढे तोंडपाठ. मला विचारलं, एकोणतीसचा येतो का. म्हटलं, त्या पाढ्यानेच तर मला चौथीत बसवलं, त्याचं नाव नका काढू. ते खूप हसले. बारा नंबरवर शिंपीण आजी आहे, ती दिवसभर चादरीच्या काठाला न दिसणारी सुई घालत असते. माणसं गोड आहेत. ज्याची त्याची आपापली जागा.

५ फेब्रुवारी, बुधवार

चादरींच्या खोलीत एक माणूस बसवला आहे. टक्कल, साठीला टेकलेला, मांडीवर संगणक. मी चादरी काढायला गेले तर मला मावशी म्हणाला. मी म्हटलं, मी तुझ्याच वयाची असेन, मावशी कसली. दिवसभर बोटं खटखट वाजवतो म्हणून मी त्याचं नाव खटपट्या ठेवलं. रागावला नाही.

त्याचं काम त्याने समजावून सांगितलं. प्रत्येक डबीला म्हणे पासष्ट हजारांवर दारं असतात. डोळ्यांना दिसत नाहीत. बहुतेक बंद असायला हवीत, पण एखादं उघडं राहिलं तर चोर शिरतो. म्हणून त्याचा एक प्रोग्रॅम आहे, तो दारोदार जाऊन टकटक करतो, आतून कोणी उत्तर दिलं की लिहून ठेवतो. रोज सकाळी अकराला सुरू करतो, प्रत्येक डबीची थोडी थोडी दारं. पण तो फार मंद चालतो, एका दाराशी तीन तीन सेकंद थांबतो, असं रडगाणं होतं त्याचं. तो सुधारायलाच त्याला इथे पाठवलंय.

पासष्ट हजार दारं! मी म्हटलं, आमच्या घराला एक होतं, त्याचीही कडी लागत नव्हती.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज एक गोष्ट घडली. नीट लिहिते.

अकरा वाजून गेले होते. मी मास्तरांचं अंग पुसत होते. त्यांचं बोट खाटेच्या दांडीवर वाजायला लागलं. टक. थांबलं. टक. थांबलं. म्हटलं, मास्तरांना फळा आठवला असेल. थोड्या वेळाने ते थांबले आणि चार नंबरवाल्याचं बोट वाजायला लागलं. मग पाच. मग सहा.

सहानंतर सात येतात. मी अक्काजवळ जाऊन उभी राहिले.

तिचा उजवा हात आठ महिने मेलेल्या माशासारखा पडलेला आहे. त्याचं पहिलं बोट उचललं गेलं आणि दांडीवर आपटलं. टक. थांबलं. टक. मी रडले नाही, पण हातातला तांब्या पडला आणि लादीभर पाणी झालं.

मोठ्या बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, शिरा उडतात, त्यात नवल नाही. मग चादरींच्या खोलीत गेले. खटपट्याने वेळ दाखवली. तीन नंबरच्या डबीवर टकटक, मग चार, मग पाच. तंतोतंत तसंच. तो म्हणाला, योगायोग. मी म्हटलं, माझ्या बहिणीचा हात हलतोय, तुझा योगायोग चुलीत घाल आणि हे जास्त वेळ चालव.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज मीच त्याला अक्कल शिकवली. तो तोच मंदपणाचा पाढा वाचत होता. म्हटलं, अरे, तू एका दाराशी उत्तर येईपर्यंत कशाला ताटकळतोस? माझ्यासारखं कर. आधी सगळीकडे कप ठेवत जा, मग संपतील तसे उचल. तो माझ्याकडे बघतच राहिला. मग स्वतःच्या टकलावर चापट मारली. म्हणाला, मावशी, मी हेच करणार होतो, पण इतकं सोपं करून कोणी सांगितलं नव्हतं. हजार टकटक एकदम सोडायच्या आणि उत्तरं येतील तशी गोळा करायची.

मला काय, अक्काचा हात हलला पाहिजे. त्याला चहाचा दुसरा कप दिला.

८ फेब्रुवारी, शनिवार

अकरा वाजता चोवीस बोटं एकदम उठली आणि एकदम पडली. खाटांच्या दांड्या लोखंडी आहेत. असा आवाज झाला की खिडकीतलं पाखरू उडालं.

मग पुन्हा. मग भराभर. पावसाचे थेंब पत्र्यावर पडावे तसं, पण थेंब असे एका तालात पडत नाहीत. कोणाचं तोंड हललं नाही, कोणी एकमेकांकडे बघितलं नाही. फक्त बोटं. मला जरा कसंतरी झालं. पण अक्काची आता पाचही बोटं हलत होती.

मोठ्या बाईंनी वहीवर सही केली. वाचलं नाही. खाली लिहिलं, अक्षर सुधारा.

१० फेब्रुवारी, सोमवार

खटपट्याने रविवारी बसून आणखी सुधारलं. आता दार उघडलं की प्रोग्रॅम आत थोडा थांबून ऐकतो आणि आतला पहिला शब्द लिहून घेतो, म्हणजे आत कोण आहे ते कळतं. भडाभडा सांगत होता, लेकराला पहिला दात आल्यासारखा. स्वतःच्या मनगटावरही पट्टा बांधला होता, पंचवीस नंबर, चाचणीसाठी.

अकरा वाजले. बोटं वाजली. मग थांबली. मग चोवीस तोंडं उघडली आणि एका आवाजात म्हणाली,

"कोण आहे?"

दार वाजल्यावर घरातून विचारतात तसं. अगदी साधं.

अक्कासुद्धा म्हणाली. आठ महिन्यांनी पहिला शब्द. मला पुढचंमागचं काही सुचलं नाही. मी तिचा हात धरून म्हटलं, मी आहे गं अक्का, मी आलेय. तेवीस माना माझ्याकडे वळल्या. मला त्याचं काय. अक्काने माझं बोट दाबलं होतं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

अक्का बोलते. तुटक, पण बोलते. दूध मागितलं. खिडकी म्हणाली. मोठ्या बाई खूश, डॉक्टर खूश. चोवीस जण आता एकाच वेळी जागे होतात, घास एकाच वेळी गिळतात. काम अर्ध्यावर आलं.

दुपारी सगळे पडले होते तेव्हा मी अक्काच्या कानाला तोंड लावून पन्नास वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट सांगितली. बाबा म्हणाले होते, दोघींपैकी एकीलाच शाळेत ठेवीन, जी वस्तू जपेल तिला. मी अक्काची पाटी विहिरीत टाकली. ती हरवली म्हणून अक्काने मार खाल्ला आणि तिची शाळा सुटली. मी राहिले, आणि एकोणतीसच्या पाढ्यावर नापास झाले. देवाने बरोबर चापट मारली. अक्का हुशार होती. ती कुठच्या कुठे गेली असती.

ऐकताना ती डोळे मिटून पडली होती. मन हलकं झालं, की जड, मला कळत नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

मास्तरांना चहा दिला. त्यांनी कप घेतला आणि म्हणाले, पाटी विहिरीत आहे.

मी विचारलं, काय म्हणालात. ते चहा प्यायले.

तीन नंबर आणि सात नंबर यांत चार खाटांचं अंतर आहे. मी कुजबुजले होते. शेजारच्या खाटेलाही ऐकू गेलं नसतं. मास्तरांना तर स्वतःच्या मुलीचं नावही आठवत नाही.

पुढच्या खाटेशी गेले. चार नंबरवाला म्हणाला, पाटी विहिरीत. पाच नंबर, पाटी विहिरीत. मी ट्रे खाली ठेवला आणि बाहेर पायरीवर बसले. आज पहिल्यांदा उष्टे कप गोळा न करता मी काम सोडलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

अक्काला भरवायला बसले. तिने माझ्याकडे बघितलं आणि सात एके सात म्हटलं. सात दुणे चौदा. मास्तरांच्या चालीवर, मास्तरांसारखी शेवटी मान हलवून. मी म्हटलं, अक्का, मी ठमी. ती म्हणाली, सात त्रिक एकवीस.

मागून माझ्या पदराला कोणी हात लावला. बारा नंबरची शिंपीण आजी. तिने माझा पदर सारखा केला, खांद्यावरची घडी अंगठ्याने दाबून बसवली. माझ्या लग्नाच्या दिवशी अक्काने असाच दाबला होता.

"ठमे," आजी म्हणाली, "पाटीचं मला माहीत होतं गं. तेव्हाच माहीत होतं."

पन्नास वर्षं ज्या शब्दांची वाट बघितली ते आले, आणि परक्या तोंडातून. मी तिच्या गळ्यात पडले. सुरकुत्या तिच्या होत्या, वास तिच्या औषधाचा होता. हात अक्काचे होते. दोन श्वास. मग हात सैल पडले आणि ती चादरीला टाके घालू लागली. लगेच वीस नंबरवरचा ट्रकवाला म्हणाला, ठमे, वेणी घट्ट झाली का.

अक्का चोवीस खाटांवर सांडली आहे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

खटपट्याला गाठलं. म्हटलं, काय केलंस ते उलटं कर. त्याने आधी हसण्यावारी नेलं. मी त्याचा हात धरून दालनात आणला आणि शिंपीण आजीच्या तोंडून माझ्या आईचं नाव ऐकवलं. त्याचा चेहरा उतरला.

मग कबूल केलं. वेग यावा म्हणून त्याने एक पायरी गाळली होती. दार उघडलं की बोलून झाल्यावर मागे बंद करायचं असतं. बंद करण्यात वेळ जातो. तो नुसतं लोटून पुढे जात होता. म्हणाला, आपोआप बंद होतात बहुतेक.

कप ठेवत गेला. उचललेच नाहीत.

म्हटलं, मग आता बंद कर. त्याने टक्कल खाजवलं. मग म्हणाला, आता बंद केली तर जे ज्याच्याकडे असेल ते तिथेच राहील. तुमची बहीण ज्या ज्या खाटेवर आहे त्या त्या खाटेवर, तुकड्यातुकड्याने. कोण कुठून कुठे गेलं याची नोंद त्याने ठेवलीच नव्हती. त्यानेही वेग मंदावतो.

१५ फेब्रुवारी, शनिवार

अक्काच्या हातातला पट्टा मी कात्रीने कापला. म्हटलं, तार तुटली की भूत उतरेल.

तेवीस जण एकदम ओरडले. अक्का नाही ओरडली. ती रिकाम्या उशीसारखी खचली. ओठ निळे. नाडी लागेना. मोठ्या बाईंनी धावत येऊन नवा पट्टा बांधला तेव्हा छाती हलली. मला म्हणाल्या, पुन्हा असं केलंत तर फाटकाबाहेर. मी सगळं सांगितलं, पाटीपासून. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, झोप लागते का तुम्हाला? मग डॉक्टरांचा कागद दाखवला. सगळ्यांच्या नावापुढे लिहिलं होतं, सुधारणा.

चौथी नापास बाईचं कोण ऐकतं.

सही झाली. वाचलं नाही. अक्षर बरं आहे, असं लिहिलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

प्रोग्रॅम आता अकराला सुरू होत नाही. थांबतच नाही.

चादरींच्या खोलीत गेले. खटपट्या बसलेला. बोट मांडीवर. टक टक टक. मी त्याचा पट्टा सोडायला हात घातला, तर त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, ठमे, नको.

अक्काचा आवाज नाही. तिची तऱ्हा. नको म्हणताना ती हनुवटी आत घ्यायची.

संगणकाची सगळी बटणं दाबली. तार ओढली. भिंतीतला खटका पाडला. डब्यांचे दिवे हिरवेच. त्यांच्या पोटात बॅटऱ्या आहेत. मोठ्या बाई म्हणतात, त्याला बरं नाही, त्यालाही एक खाट देऊ.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

खाटोखाटी फिरले. मास्तरांकडे तिचं हसू मिळालं. नऊ नंबरकडे ती खोकायची तसा खोकला. वीसकडे वेणीची आठवण. प्रत्येकाजवळ बसून म्हटलं, अक्का, चल. एक जागा सोडून दुसऱ्या जागी गेले की आधीचं विरतं — पुढे पळतं — मी म्हातारी, किती धावू.

सात नंबरवर तिचं अंग आहे. आत कोणीतरी गिऱ्हाइकाचं माप घेतंय.

दालनात उभं राहून गोळा होणार नाही. हे कळलं. ती दारांच्या पलीकडे —

मोठ्या बाई कामवाल्यांसाठी पट्टे घेऊन आल्या. उद्यापासून सगळ्यांनी बांधायचे म्हणाल्या. खरकटं घासताना आड येतो म्हणून मी नको म्हणणार होते. घेतला. सव्वीस नंबर.

१९ फेब्रुवारी, बुधवार

कप ज्याने ठेवायला सांगितले त्यानेच उचलायचे असतात. हे माझंच काम. कोणावर राग नाही.

सातच्या कडेला बसलेय. वही मांडीवर. अक्काचा हात डाव्या हातात. पट्टा बांधला. गार लागतो.

बोट उठलं — माझं नव्हे — माझंच. पेन्सिल आपटते. नीट लिहिता येत —

अक्का. इथे आहेस. सगळीकडे आहेस गं. थांब, एकेक — मास्तर, सरका. आजी, ती सुई —

एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी. एकोणतीस चोक एकशे सोळा. एकोणतीस पंचे एकशे पंचेचाळीस.

हा मला येत नाही. मला कधीच

तिचा हात धरलाय. हातात हात आहे. कोणता माझा —

आतून विचारतायत, कोण आहे. अक्का पण विचारतेय. नाव सांगितलं की ती येईल. सांगते. एवढं काय त्यात. वहीवर लिहिलेलं असेल — पान — नाही लिहिलं — ती मला काय म्हणायची —

कोण आहे विचारतायत.

सांगते ना. मी —

मी —